निबंध मोजू नका, वाचा

दरवर्षी पावसाळा सरत आला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी हमखास येते : अमुक महाविद्यालयाच्या प्राध्यापकांची जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत निवड. संस्थाचालक पुष्पगुच्छ देतात, कुलगुरू अभिनंदन करतात, गावाला आनंद होतो. तो आनंद रास्तही आहे, कारण बहुतेक वेळा त्या माणसाने खरोखर कष्ट उपसलेले असतात. पण बातमी शेवटपर्यंत वाचली तरी त्या प्राध्यापकाने नेमके काय शोधले, कोणत्या रोगाबद्दल किंवा औषधाबद्दल आपले ज्ञान त्याच्यामुळे पुढे गेले, हे क्वचितच कळते. मुळात ही निवड कुणी केलेलीच नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या स्कोपस या माहितीसाठ्यावरून एक गणित मांडतात. कुणाच्या शोधनिबंधांचा इतरांनी किती वेळा हवाला दिला, सहलेखक किती होते, स्वतःच स्वतःचे हवाले किती दिले, हे सारे त्यात धरले जाते आणि संगणक क्रम लावतो. सायटेशनच्या, म्हणजे अशा हवाल्यांच्या, आकड्यांचा सर्रास गैरवापर होतो, तो कमी व्हावा म्हणून इओनिडिस यांनी हा खटाटोप सुरू केला होता. आपण मात्र त्या यादीचे प्रशस्तिपत्र करून टाकले.

ही गोष्ट बातमीपुरती असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण वैद्यकीय आणि जीवविज्ञानाच्या क्षेत्रात आज नेमणूक, बढती, संशोधन निधी, फेलोशिप अशा सगळ्या अर्जांत चार आकडे मागितले जातात : एकूण पेपर किती, एकूण सायटेशन किती, एच-इंडेक्स किती आणि पेपर ज्या नियतकालिकांत आले त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर किती. एच-इंडेक्सची कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. ज्याच्या वीस पेपरांचा प्रत्येकी किमान वीस वेळा हवाला दिला गेला, त्याचा निर्देशांक वीस. एखाद्याने आयुष्यात पाचच निबंध लिहिले आणि प्रत्येकाचा हजारदा उल्लेख झाला, तरी त्याचा निर्देशांक पाचच राहतो. इम्पॅक्ट फॅक्टर तर माणसाचा नव्हेच, तो नियतकालिकाचा. मागच्या दोन वर्षांत तिथे छापलेल्या निबंधांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला, एवढेच तो सांगतो. या आकड्यांना काहीच अर्थ नाही असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. माझे म्हणणे असे आहे की सायटेशन हा संशोधनाच्या इतिहासाचा चांगला पुरावा आहे आणि संशोधकाच्या नेमणुकीचा वाईट निकष आहे. ही दोन्ही विधाने एकाच माणसाच्या कामावरून तपासून पाहता येतात. तो माणूस म्हणजे कोलकात्याचे रोगनिदानशास्त्रज्ञ डॉ. शंभुनाथ दे.

दे यांचा जन्म १९१५ चा, हुगळी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. लंडनला सर रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली पीएच.डी. करून ते १९४९ मध्ये परतले आणि पटकीच्या मागे लागले. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये आधी इजिप्तमध्ये आणि मग कोलकात्यातच ओळखला होता. हा जंतू एखादे विष सोडत असावा, असा कॉख यांचा तर्क होता. पण त्यानंतरची सत्तर वर्षे ते विष कुणाला दाखवता आले नाही. जंतूच्या शरीरातच विष असते आणि तो मेल्यावर ते बाहेर पडते, हे मत रूढ झाले होते. संशोधक ते प्राण्यांच्या रक्तात किंवा पोटाच्या पोकळीत टोचत. प्राणी मरत, पण त्यांना पटकी होत नसे. दे यांनी १९५३ मध्ये चटर्जी या सहकाऱ्यासह केलेला प्रयोग इतका साधा होता की तो आधी कुणाला का सुचला नाही याचेच आश्चर्य वाटावे. त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा, रक्तपुरवठा शाबूत ठेवून, दोन्ही टोकांना बांधला आणि जंतू थेट त्या बंद पोकळीत सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पटकीच्या रुग्णाला होतात तशा पेजेसारख्या पाण्याने टम्म फुगलेला होता. म्हणजे रोगाची जागा आतडे, आणि रोग म्हणजे पाण्याची गळती. १९५६ मध्ये त्यांनी हीच पद्धत वापरून दाखवले की हगवणीच्या रुग्णांतले काही ई-कोलाय जंतूही असेच करतात. आणि १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा जेमतेम दोन पानांचा निबंध आला : जंतू पूर्णपणे गाळून काढलेला, नुसता द्राव सोडला तरी आतडे फुगते. पटकीचे विष अखेर सापडले होते. मुंबईकरांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट इथे आहे. त्याच वर्षी परळच्या हाफकिन संस्थेतले एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवर स्वतंत्रपणे प्रयोग करून पटकीच्या विषाकडेच बोट दाखवले. पटकीचे कोडे सोडवण्यात मुंबईचा असा सरळ वाटा आहे आणि आपल्याकडे तो कुणी सांगत नाही.

आता आजची निवड समिती १९६० साली बसली आहे अशी कल्पना करा. समोर दे यांचा अर्ज आहे. पेपर मोजके. महत्त्वाच्या तीन निबंधांत तीन-तीन वर्षांचे अंतर. 'नेचर'मधला निबंध ताजा, पण त्याची दखल घेणारे फार थोडे. पटकी हा त्या काळी पूर्वेकडच्या गरिबांचा रोग होता, त्याच्यावर काम करणारे जगात मूठभर होते आणि मूठभर लोक हजार हवाले देऊ शकत नाहीत. हे बदलले ते दे यांच्यामुळे नव्हे, साथीमुळे. १९६१ मध्ये इंडोनेशियातून पटकीची सातवी जागतिक साथ निघाली. ढाक्यात पटकीची मोठी प्रयोगशाळा १९६० मध्ये उभी राहिलेली होतीच. अमेरिकेचा पैसा आणि माणसे या विषयात आली. या सगळ्यांना प्रयोगासाठी एक भरवशाची पद्धत हवी होती, ती दे यांची होती. सशाच्या बांधलेल्या आतड्याची पद्धत जगभर वापरात आली आणि १९५३ चा निबंध प्रसिद्ध झाल्यावर कितीतरी वर्षांनी भरभरून उद्धृत होऊ लागला. रिचर्ड फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी १९६९ मध्ये ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढे उलगडले की ते पेशीतल्या एका स्विचला बंदच होऊ देत नाही, पेशी क्षार आणि पाणी बाहेर टाकत राहते. पेशींमधल्या संदेशवहनाच्या अभ्यासात हे विष स्वतःच एक हत्यार बनले. दे मात्र १९७३ मध्ये निवृत्त झाले होते.

दे यांना हयातीत भारतात एकही मोठा पुरस्कार मिळाला नाही. देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केले नाही. १९७८ मध्ये स्टॉकहोमला पटकीवर नोबेल परिसंवाद झाला तेव्हा त्यांना सन्मानाने बोलावणे आले. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले होते. १९८५ मध्ये दे गेले आणि पुढच्याच वर्षी यूजीन गारफिल्ड यांनी त्यांच्यावर लेख लिहिला. हे गारफिल्ड म्हणजे सायटेशन मोजण्याच्या सगळ्या शास्त्राचे जनक. १९५५ मध्ये त्यांनी 'सायन्स'मध्ये कल्पना मांडली आणि साठच्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्स प्रत्यक्षात आणला. पटकीवरच्या संशोधनाचा नकाशा त्यांनी हवाल्यांवरून काढला, तर त्याच्या मध्यावर कोलकात्याचे हे नाव आले. बंगळुरूच्या 'करंट सायन्स'ने १९९० मध्ये दे यांच्यावर विशेषांक काढला. थोडक्यात, ज्या देशाने या माणसाकडे पाहिले नाही त्या देशाला त्याच्याकडे बघायला लावण्यात सायटेशनच्या आकड्यांचाही हात होता. म्हणून आकडे मोडीत काढा असे मी म्हणणार नाही. पण हे आकडे खरे बोलले ते कधी, हे पाहा. पंचवीस-तीस वर्षांनी बोलले. आणि ते खरे होते, कारण ते वाढवण्यात कुणाचाही फायदा नव्हता. दे यांचा हवाला देणाऱ्याला त्या बदल्यात काही मिळणार नव्हते. नेमणुकीच्या वेळी या दोन्ही अटी पाळल्या जात नाहीत. तिथे निकाल आज हवा असतो, आणि आकड्यावर माणसाची भाकरी अवलंबून असते.

यात आणखी एक अडचण आहे आणि ती आपल्याला विशेष भोवते. हवाल्यांची संख्या कामाच्या मोलावर जितकी अवलंबून असते तितकीच त्या विषयात किती लोक काम करतात यावर असते. कर्करोगावरचा मध्यम दर्जाचा निबंध शेकडो वेळा उद्धृत होऊ शकतो, कारण कर्करोगावर लिहिणाऱ्यांची फौज आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर काम केले. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्र-रात्र रुग्णांच्या खाटेशी बसून लक्षणे टिपली, रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध या रुग्णांना वाचवते हे दाखवले, 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. कोकणात विंचूदंशाने लहान मुले हातची जात, ती वाचू लागली. पण लाल विंचवाच्या दंशावर संशोधन करणारे जगात किती? तो विंचू बॉस्टनमध्ये नाही. त्यामुळे बावस्करांचा आकडा बॉस्टनमधल्या कर्करोगतज्ज्ञाच्या आकड्याशेजारी ठेवणे हा त्यांच्यावर नव्हे, कोकणातल्या रुग्णांवर अन्याय आहे. सर्पदंश, कुष्ठरोग, काळा आजार, फ्लोरोसिस, सिकलसेल यांवर काम करणाऱ्या प्रत्येक तरुण डॉक्टरला ही व्यवस्था न बोलता सांगत असते की, विषय बदल. तो बदलतो. मग आपण विचारतो की आपल्याकडचे शास्त्रज्ञ आपल्या रोगांवर काम का करत नाहीत.

उलट टोकाचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. जगातला सर्वाधिक उद्धृत शोधनिबंध कुठला? ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा, द्रावातले प्रथिन मोजण्याची पद्धत सांगणारा. 'नेचर'ने २०१४ मध्ये सर्वाधिक उद्धृत शंभर निबंधांची यादी केली तेव्हा त्याच्या नावावर तीन लाखांहून अधिक हवाले होते. डीएनएची रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध त्या शंभरांत नाही. लॉरींचे काम उपयोगी होते यात वाद नाही, पण जीवशास्त्राची दिशा कुणी बदलली, हे त्या यादीवरून कळणार नाही. मूलभूत शोधांचे असे होते की ते इतके अंगवळणी पडतात की त्यांचा हवाला द्यायचा असतो हेच लोक विसरतात. बॉम्बे ब्लड ग्रुप हे नाव मुंबईतल्या कुठल्याही रक्तपेढीत विचारा, तिथल्या तंत्रज्ञाला ते माहीत असते. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या रक्तगटाची पहिली नोंद केली. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. नेहमीच्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण 'ओ' रक्त दिले तर ते जिवावर बेतू शकते. ही ओळख पटल्यामुळे वाचलेला प्रत्येक रुग्ण भेंडे यांच्या निबंधाचा ऋणी आहे, पण रुग्णाच्या केसपेपरवर कुणी तळटीप देत नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाणी, मीठ आणि ग्लुकोजचे मिश्रण ड्रमात भरून नातेवाइकांच्या हाती दिले आणि पटकीने होणारे मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास होते ते चार टक्क्यांच्या खाली आणले. तो अहवाल १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. ते नियतकालिक आज अस्तित्वातही नाही. त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर विचारून काय कळणार होते?

शिवाय आकड्याला स्तुती आणि निंदा यांतला फरक कळत नाही. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा 'लॅन्सेट'मधला निबंध बारा मुलांवरचा होता आणि गोवरासह तीन रोगांच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा होता. त्यात गैरप्रकार झाल्याचे सिद्ध होऊन तो २०१० मध्ये मागे घेण्यात आला. पण तोवर आणि त्यानंतरही त्याचा हजारहून अधिक वेळा उल्लेख झाला, बहुतेक वेळा खंडनासाठी. एच-इंडेक्सच्या हिशेबात ते सारे जमेच्या बाजूला पडते. आजकालच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासांत शेकडो सहलेखक असतात. त्यातल्या एखाद्याने एका राज्याची आकडेवारी पुरवली तरी हजारो हवाले त्याच्या खात्यावर जमा होतात. त्या अभ्यासांना कमी लेखायचे कारण नाही, पण ते श्रेय वाटून घ्यायचे गणित एच-इंडेक्समध्ये नाही. हिर्श यांनी स्वतः २०२० मध्ये लिहिले की या निर्देशांकाचे अनिष्ट परिणाम झाले आहेत. गारफिल्ड तर आयुष्यभर सांगत राहिले की इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिके निवडण्यासाठी आहे, माणसे निवडण्यासाठी नाही.

यापेक्षा गंभीर नुकसान मोजण्याने नव्हे, मोजण्याची सक्ती केल्याने झाले आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक होण्यासाठी शोधनिबंध अनिवार्य झाले, विद्यापीठांत गुणांक आले, पीएच.डी. चा प्रबंध देण्याआधी पेपर छापून आणण्याची अट आली. हेतू चांगला होता. परिणाम पुण्यातल्याच संशोधकांनी मोजून दाखवला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीचा अभ्यास २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केला. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि कुठल्याही नामांकित सूचीत नसलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची निघाली. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात यादीतून काढली. म्हणजे काही वर्षे देशात लोकांना पैसे मोजून बढतीचे कागद छापून घेण्याची सोय अधिकृत यादीतूनच उपलब्ध होती. हे फक्त आपल्याकडचे नाही. हिंदावी या विदेशी प्रकाशनसंस्थेला २०२३ या एकाच वर्षात आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. इओनिडिस आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले की वर्षाला ७२ हून अधिक, म्हणजे दर पाच दिवसांना एक पेपर छापणारे लोक जगात हजारोंनी आहेत, त्यांतले बरेच भौतिकशास्त्रातल्या मोठ्या गटांतले असले तरी. सशाचे आतडे बांधून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला आणि मग सहा वर्षे त्याच प्रश्नाशी राहायला या वेगात जागा उरत नाही.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप असा : आकडे काढून टाकले तर उरतो वशिला. दे यांच्या काळात आकडे नव्हतेच, माणसेच निर्णय घेत होती, आणि माणसांनीच त्यांना डावलले. मग माणसांवर पुन्हा का विसंबायचे? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. महाराष्ट्रात ज्याने एकदा तरी मुलाखतीसाठी अर्ज केला आहे त्याला जात, गट, संस्थाचालकाचा फोन या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. लहान गावातल्या, कुणाचाही हात पाठीवर नसलेल्या मुलीला तिचा एच-इंडेक्स ही एकच गोष्ट अशी वाटते जी कुणी तिच्याकडून काढून घेऊ शकत नाही. तरीही दे यांच्या कहाणीतच या आक्षेपाचे उत्तर आहे. दे यांना ओळखले ते कुणी? आकडे बोलू लागण्याच्या आधी लेडरबर्ग यांनी ओळखले, स्टॉकहोमच्या परिसंवादाच्या संयोजकांनी ओळखले, ऑक्सफर्डच्या व्हॅन हाइनिंगन यांनी ओळखले आणि १९८३ च्या पटकी-संशोधनावरच्या पुस्तकात दे यांचे श्रेय नोंदवले. या सगळ्यांत समान गोष्ट एकच, त्यांनी निबंध वाचले होते. डावलणाऱ्यांनी ते वाचल्याची खूण कुठे दिसत नाही. तेव्हा चूक माणसांच्या निवाड्याची नव्हती, न वाचता केलेल्या आणि कारण न देता केलेल्या निवाड्याची होती. आकडे त्या आळसाला संरक्षण देतात. आणि वशिला आकड्यांनी बंद झालेला नाही. ज्याच्या हाती विभाग आहे त्याला कनिष्ठांच्या प्रत्येक पेपरवर आपले नाव घालता येते, आणि वशिला मग एच-इंडेक्सच्या रूपाने सभ्य होऊन येतो.

दुसरा आक्षेप वैद्यकीय शिक्षणातून येतो. समीरण नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून, म्हणजे ५७ टक्के ठिकाणांहून, २००५ ते २०१४ या दहा वर्षांत एकही शोधनिबंध आला नव्हता. केवळ २५ संस्थांनी देशातले ४० टक्के वैद्यकीय निबंध दिले होते. सक्ती काढली तर उरलेल्या ठिकाणीही शुकशुकाट होईल, असे म्हणणारे चुकीचे नाहीत. पण शून्यावरून एकावर जाण्यासाठी लावलेली सक्ती वेगळी आणि एका उमेदवाराला दुसऱ्याच्या वर ठेवण्यासाठी वापरलेला आकडा वेगळा. संस्थेकडून संशोधन व्हावे अशी अट संस्थेवर घाला, तिला प्रयोगशाळा, सांख्यिकीतज्ज्ञ आणि संशोधनासाठी मोकळा वेळ द्यायला लावा. बाह्यरुग्ण विभागात दिवसाला दोनशे रुग्ण तपासणाऱ्या अध्यापकाकडून दोन पेपर मागितले तर तो ते विकतच घेणार. त्याला दोष देण्याआधी त्याच्या वेळापत्रकाकडे पाहिले पाहिजे.

तिसरा आक्षेप वेळेचा. शंभर अर्ज आले तर शंभरांचे निबंध कोण वाचणार? वाचावे लागणार नाहीत. किमान पात्रतेच्या चाळणीसाठी आकडे वापरा, त्यात गैर काही नाही. अंतिम दहा उमेदवारांत मात्र प्रत्येकाने आपल्या मते सर्वोत्तम असे तीन किंवा पाच निबंध द्यावेत, प्रत्येकात आपला वाटा काय होता हे अर्ध्या पानात लिहावे, आणि विषय जाणणाऱ्या बाहेरच्या दोन परीक्षकांनी ते वाचून लेखी मत द्यावे. हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था निधीसाठी अर्ज करणाऱ्याकडून त्याच्या कामातली मोजकी पाच योगदाने शब्दांत मागत आली. ब्रिटनने विद्यापीठांच्या राष्ट्रीय मूल्यमापनात परीक्षकांना इम्पॅक्ट फॅक्टर वापरायला मनाई केली. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाने २०२१ मध्ये नेमणूक-बढतीतून तो हद्दपार केला. पेपरांच्या संख्येसाठी रोख बक्षिसे देणाऱ्या चीननेही २०२० मध्ये ती बंद करायला सांगून निवडक प्रातिनिधिक काम पाहण्याकडे मोहरा वळवला. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ मध्ये पीएच.डी. आधी पेपर छापण्याची सक्ती काढली. दार किलकिले झाले आहे.

महाराष्ट्रातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या अध्यापकांची निवड लोकसेवा आयोग करतो, आणि वैद्यकीय शिक्षणासाठी नाशिकला स्वतंत्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या किमान पात्रतेच्या अटी आहेत तशा ठेवूनही या दोन संस्थांना पुढचे पाऊल टाकता येईल. निवडीच्या शेवटच्या टप्प्यात पाच निबंध मागवा. परीक्षकांची लेखी मते, नावे झाकून का होईना, उमेदवारांना पाहू द्या. कुणाला का घेतले आणि कुणाला का नाही, याची कारणे एका पानात जाहीर करा, म्हणजे वशिल्याला तोंड दाखवावे लागेल. विंचूदंशावर, सर्पदंशावर, आदिवासी पाड्यांतल्या सिकलसेलवर काम केलेल्याला आकडा लहान म्हणून वगळू नका. आणि मुलाखतीत पहिला प्रश्न एच-इंडेक्सचा नको. उमेदवाराचा निबंध समोर ठेवा, दुसऱ्या आकृतीवर बोट ठेवा आणि विचारा : हा निष्कर्ष तुम्ही कसा काढलात, आणि तो चुकीचा ठरवायचा असेल तर कोणता प्रयोग करावा लागेल?